इतिहास परिषदेचे दार आणि गावाचे दप्तर

(मुळशी तालुक्यातील रिहे येथे, स्थानिक इतिहासाची आवड असलेले तरुण, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण मला आज जो विषय दिला आहे, तो वरकरणी रूक्ष वाटणारा आहे. इतिहास परिषदेत निबंध वाचावयाचा असेल तर प्रस्ताव कसा पाठवावा, असा तो विषय. विद्यापीठाच्या सभागृहात शोभणारा हा प्रश्न रिह्याच्या सभेत विचारला जावा, याचा मला मनापासून आनंद वाटतो. कारण तो विचारणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी ठरवलेली आहे, असे मी समजतो. आपल्या खोऱ्याचा इतिहास दुसऱ्या कोणी लिहावा याची वाट पाहत बसायचे नाही, ही ती गोष्ट.

आपल्या घरांतून, बैठकांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते. 'आमचा इतिहास आमच्यापर्यंत पोचू दिला गेला नाही, पुस्तकांतून आम्हांला स्थान मिळाले नाही.' या तक्रारीत तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, या वादात मी आज शिरत नाही. मी एवढेच विचारतो की, तक्रार करणाऱ्यांपैकी कितीजणांनी आजवर एखाद्या इतिहास परिषदेकडे एक पानाचा का होईना, प्रस्ताव पाठविला? दार बंद आहे असे म्हणण्यापूर्वी ते एकदा ठोठावून पाहिले पाहिजे. आणि ठोठावण्याचीही एक रीत असते.

परिषदांची परंपरा आपल्याच अंगणातली

इतिहास परिषद ही परकी वस्तू आहे, असा समज असेल तर तो प्रथम दूर करू. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सापडलेला कागद सभेपुढे मांडावा, त्यावर टिपण वाचावे, जाणकारांनी शंका काढाव्यात आणि मग तो वृत्तांतात छापावा, ही पद्धत मंडळाने रूढ केली. १९१९ साली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यातच भरले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे अध्यक्ष होते. पुढे १९३५ साली मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने दत्तो वामन पोतदारांच्या पुढाकाराने पुण्यात अर्वाचीन इतिहासाची अखिल भारतीय परिषद भरली. अलाहाबादचे सर शफाअत अहमद खान तिचे अध्यक्ष होते. तीच संस्था १९३८ च्या अलाहाबाद अधिवेशनापासून 'इंडियन हिस्टरी काँग्रेस' या नावाने ओळखली जाऊ लागली. आज देशभरातून ज्या परिषदेकडे निबंध येतात, तिचा उगम आपल्या पुणे जिल्ह्यात आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

हे सारे करणारे केवळ प्राध्यापक होते काय? वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तराचा अभ्यास केला आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. रियासतकार सरदेसाई बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. निवृत्तीनंतर ते येथून डोंगरापलीकडच्या कामशेतला राहिले. त्यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तराचे ४५ खंड निघाले. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद जमवीत आणि हट्टाने मराठीतच लिहीत. पदवी वा पद नसेल तर इतिहासात प्रवेश नाही, असे म्हणणाऱ्याने ही नावे आठवावीत. मात्र ही माणसे कशाच्या बळावर उभी राहिली, तेही आठवावे. कागद वाचण्याची मेहनत आणि सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला आधार देण्याची शिस्त, हे त्यांचे भांडवल होते.

कारीच्या घरातला कागद

या शिस्तीचे सर्वांत बोलके उदाहरण मावळातलेच आहे. भोर तालुक्यातील कारी हे कान्होजी जेधे यांचे गाव. त्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती, म्हणजे कोणत्या वर्षी, कोणत्या तिथीस काय घडले याची जुनी टिपणे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली मंडळाच्या चौथ्या संमेलनाच्या वृत्तांतून प्रसिद्ध झाली. तीत शिवछत्रपतींची जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी दिलेली होती. तोवर बखरींच्या आधारे शके १५४९ मधील वैशाखातली तिथी रूढ होती.

टिळकांनी काय केले, ते पाहा. महाराजांविषयी त्यांची भक्ती कोणाहून कमी नव्हती. शिवजयंतीच्या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पण रूढ तिथीला बाधा येते म्हणून त्यांनी तो कागद बाजूला ठेवला नाही. त्याचप्रमाणे 'वाद संपला' अशी घोषणाही केली नाही. कागद अभ्यासकांच्या हाती दिला. मग तपासणी सुरू झाली. १९२७ साली स. म. दिवेकरांनी प्रसिद्ध केलेल्या 'शिवभारता'त शके १५५१ हेच वर्ष आढळले. जोधपूरच्या जुन्या कुंडलीसंग्रहातील कुंडलीनेही त्यास दुजोरा दिला. तरीही १९६६ साली शासनाने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीत एकमत झाले नाही. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एका खेड्यातल्या घरातला कागद संमेलनाच्या वृत्तांतात छापला गेला आणि पंचाऐंशी वर्षांनी तो सबंध राज्याच्या दिनदर्शिकेत उतरला. कारीच्या त्या घराने कागद जपला नसता, किंवा टिळकांनी तो केवळ उत्सवाच्या भाषणात वापरून सोडून दिला असता, तर हे घडले असते काय?

प्रस्ताव म्हणजे काय?

आता मूळ विषयाकडे येतो. परिषदेचे आवाहन निघते. त्यात विषय, विभाग, भाषा, शब्दमर्यादा, सभासदत्वाची अट आणि अखेरची तारीख दिलेली असते. काही परिषदा आधी फक्त सारांश मागतात, साधारण अडीचशे-तीनशे शब्दांचा. काही संपूर्ण निबंधच मागवितात. इंडियन हिस्टरी काँग्रेससारख्या परिषदेत प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन भारत, भारताबाहेरील देश आणि पुरातत्त्व असे विभाग असतात आणि निबंध वाचण्यासाठी सभासद व्हावे लागते. आवाहन एकदा घाईत वाचून भागत नाही. पेन्सिल हाती घेऊन दोनदा वाचावे. चांगला प्रस्तावसुद्धा चुकीच्या विभागात पाठविला, की मागे पडतो.

प्रस्ताव ही निबंधाची जाहिरात नाही. ते एक वचन आहे. त्यात चार गोष्टींची उत्तरे असली पाहिजेत. माझा प्रश्न कोणता? या प्रश्नावर आजवर कोणी काय लिहिले आहे? माझ्याकडे कोणता पुरावा आहे आणि तो कोठे पाहता येईल? आणि त्या पुराव्यावरून मला किती सांगता येते? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. पुरावा जेथे संपतो तेथे थांबण्याची तयारी ज्याच्या प्रस्तावात दिसते, त्याच्यावर छाननी करणारा विश्वास टाकतो.

एक नमुना सांगतो. समजा, कोणी लिहिले, 'मुळशीची भूमी ही शूरांची भूमी आहे. येथील मावळ्यांनी स्वराज्यासाठी रक्त सांडले व पुढे परकीय सत्तेविरुद्धही लढा दिला. या जाज्वल्य इतिहासाच्या सर्व पैलूंचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला जाईल.' भाषणात या वाक्यांना टाळ्या मिळतील. परिषदेत हा प्रस्ताव पहिल्याच फेरीत बाजूला पडेल आणि तो कोणाच्या द्वेषामुळे पडला, असे म्हणता येणार नाही. यात प्रश्न नाही, काळ निश्चित नाही, एकाही कागदाचा उल्लेख नाही. 'सर्व पैलू' पंधरा मिनिटांत कोणालाही मांडता येत नाहीत.

आता दुसरा नमुना पाहू. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो १९२४ पर्यंत चालला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यावर वि. म. भुस्कुटे यांनी लिहिले, राजेंद्र व्होरा यांनी लिहिले. म्हणून 'मुळशी सत्याग्रह : एक अभ्यास' हा विषय पुरेसा नाही. पण असा प्रस्ताव करता येईल : 'मुळशी सत्याग्रहाचा आंदोलन म्हणून अभ्यास झाला आहे. धरणाखाली जमीन गेलेली कुटुंबे पुढील पंचवीस वर्षांत कोठे स्थिरावली, हा या निबंधाचा प्रश्न आहे. दोन गावांतील फेरफार नोंदी, दोन कुटुंबांकडील कागद, त्या वर्षांतील केसरीचे अंक आणि वृद्ध व्यक्तींच्या सहा मुलाखती यांवर तो आधारलेला आहे. नमुना लहान असल्याने सबंध तालुक्याविषयी निष्कर्ष काढलेला नाही.' यात एकही अलंकारिक शब्द नाही. पण वाचणाऱ्यास कळते की, या माणसाने काम केले आहे. अर्थात, असे लिहिण्यापूर्वी त्या नोंदी प्रत्यक्ष पाहिलेल्या असल्या पाहिजेत, मुलाखती घेतलेल्या असल्या पाहिजेत आणि आधीचे लेखन वाचलेले असले पाहिजे. काम आधी, प्रस्ताव नंतर.

दप्तर कोठे आहे?

'आमच्याकडे पुरावा कोठला?' असे काही जण विचारतील. घराच्या माळ्यावर पाहा, देवघराच्या फडताळात पाहा. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार हे गावाचे आत्मचरित्रच आहे. जमीन कोणाची होती, ती कशी हस्तांतरित झाली, वाटण्या केव्हा झाल्या, हे त्यात दिसते. शाळेची जुनी पटनोंदणी, देवस्थानचे हिशेब, यात्रेच्या पावत्या, वेशीजवळची वीरगळ, विहिरीवरचा लेख, हे सारे पुरावेच आहेत. याखेरीज पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. मुंबईच्या अभिलेखागारात इंग्रज अमदानीतला सरकारी पत्रव्यवहार आहे. या जुन्या कागदांपैकी बरेचसे मोडी लिपीत आहेत. म्हणून गावातील चार तरुणांनी मोडी शिकावी, असा माझा आग्रह आहे. ती शिकविणारे वर्ग पुण्यात भरतात आणि नेमाने सराव केला तर काही महिन्यांत साधे कागद वाचता येऊ लागतात.

कागद हाताळण्याचीही नीती आहे. मालकाच्या परवानगीवाचून छायाचित्र घेऊ नये. मूळ कागद अभ्यासासाठी घरी नेऊ नये. प्रत करून तो तेथेच परत ठेवावा. मुलाखत कोणाची, कोठे, कोणत्या तारखेस घेतली, ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. आणि कागद जुना दिसतो म्हणून तो खरा, असे समजू नये. वतनाच्या भांडणांत बनावट कागद करण्याची चाल पूर्वीही होती. 'आमच्या घराण्याचा कागद' या अभिमानाने ज्याचे डोळे दिपतात, त्याला ती बनावट ओळखता येत नाही.

गावाचा इतिहास म्हणजे देशमुख-पाटलांचा इतिहास एवढेच नव्हे, हेही मी येथे स्पष्टपणे सांगतो. ज्याच्या घरी सनद होती, त्याचा कागद उरला. ज्याने नांगर ओढला, चामडे कमावले, मडकी घडविली, रानात मोळी बांधली, त्याचा कागद नाही. पण त्याच्या घरातील म्हातारीची स्मृती आहे, ओव्या आहेत, शेताची नावे आहेत. हिंदू समाज एक आहे असे आपण म्हणतो. मग त्याच्या इतिहासाच्या टिपणवहीतही सगळी आळी आली पाहिजे.

श्रद्धा आणि पुरावा

येथे काही जणांच्या मनात एक प्रश्न उभा राहील. शोध करता करता आपल्या आवडत्या कथेविरुद्धच पुरावा सापडला तर? गावातील समाधी ज्या वीराची म्हणून आपण पूजतो, ती दुसऱ्याच कोणाची निघाली तर? माझे उत्तर सरळ आहे. तो पुरावा आपणच प्रथम मांडावा. श्रद्धेने माणूस शोधाला प्रवृत्त होतो, उन्हातान्हात डोंगर चढतो, वर्षानुवर्षे रुमाल चाळतो. एवढे श्रद्धेचे काम. पुराव्याची जागा मात्र तिला घेता येत नाही. आपल्याला प्रिय असलेली गोष्ट आपणच तपासली, तर दुसऱ्या कोणाला ती उपहासाने तपासण्याची संधी राहत नाही. आणि तपासणीतून जी टिकते, ती मग कोणाच्याही सभागृहात ताठ मानेने सांगता येते.

नकार, स्वीकार आणि बाजार

प्रस्ताव नाकारला गेला तर खचू नये, आणि लगेच कट-कारस्थानाचा वासही घेऊ नये. कधी परिषदेचा विषय वेगळा असतो, कधी वेळ थोडा आणि प्रस्ताव फार असतात, कधी आपलेच लेखन अपुरे असते. कारण विनयाने विचारावे, दुरुस्ती करावी आणि पुढील परिषदेकडे पाठवावे. पक्षपात होतच नाही, असे मी म्हणणार नाही. माणसे जेथे आहेत तेथे तो असतो. पण भक्कम पुराव्याचा निबंध एका ठिकाणी अडला, तरी दुसऱ्या ठिकाणी वाट काढतोच.

स्वीकार झाला, तर वेळेची मर्यादा पाळावी. पंधरा मिनिटे मिळाली असतील तर घरी घड्याळ लावून तीनदा वाचून पाहावे. सत्राध्यक्षांनी घंटा वाजविल्यावर 'फक्त दोनच मुद्दे' म्हणून रेंगाळणे हे अशिष्ट आहे. प्रश्न आले तर ते नीट ऐकावेत. 'हे मी पाहिलेले नाही, पाहीन' असे म्हणण्यात कमीपणा नाही. बऱ्याचदा निबंधाहून मोलाची गोष्ट त्या प्रश्नांतून हाती लागते. एखादा अनोळखी अभ्यासक सांगतो की, अमुक रुमालात तुमच्या गावाचे नाव मी पाहिले आहे. या एका वाक्यासाठी प्रवासखर्च सार्थकी लागतो.

आणि एक सावधगिरी. अलीकडे परिषदांचाही बाजार झाला आहे. 'आंतरराष्ट्रीय' असे भारदस्त नाव, भरमसाट शुल्क, कोणताही निबंध दोन दिवसांत मंजूर आणि लगेच प्रमाणपत्र! जेथे कोणी शंका काढीत नाही, तेथे निबंध वाचून काय मिळवायचे? परिषद कोण भरवते, छाननी कोण करते, पूर्वीचे वृत्तांत छापले आहेत काय, हे पाहूनच पैसे भरावेत.

आज हे का सांगावे लागते?

मित्रहो, हा विषय आज निकडीचा का आहे, ते सांगून थांबतो. हिंजवडीची संगणक-नगरी येथून फार दूर नाही. जमिनींचे व्यवहार झपाट्याने होत आहेत, जुनी घरे पडून बंगले उठत आहेत. घर पाडताना माळ्यावरची पेटी उघडली जाते आणि 'कोणाला वाचता येत नाही' म्हणून आतले कागद पाणी तापविण्याच्या बंबात जातात. शेतजमिनीला क्रमांक उरतो, तिचे नाव जाते. मुळशीच्या सत्याग्रहाला २०२१ साली शंभर वर्षे झाली. तो पाहिलेली पिढी केव्हाच गेली. त्यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकलेली पिढीही आता पिकल्या पानाच्या वयात आहे. त्यांच्या स्मृतीला अखेरची तारीख आहे आणि ती परिषदेच्या कार्यालयाकडून वाढवून मिळणार नाही.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. आपल्यातील पाच जणांनी एक गट करावा. एकाने मोडी शिकावी, एकाने फेरफार पाहावेत, एकीने माजघरात बसून आज्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, एकाने पुण्यास जाऊन आधीचे लेखन वाचावे आणि एकाने हे सारे नीट लावून ठेवावे. वर्षभराने एक प्रश्न निवडावा, एक पान लिहावे आणि या खोऱ्याच्या नावाने एक प्रस्ताव जावा. तो स्वीकारला गेला तर उत्तमच. नाकारला गेला, तरी वर्षभरात जे वाचलेले असेल, जे लिहून ठेवलेले असेल, ते बंबात जाणार नाही.